कपाळावर सरकवलेला चष्मा

मोहाडी,
९ फेब्रुवारी २०२५

मामा आणि मामी, तुम्हा दोघांना करुणाचा जय भीम.

मामा, परवा फोन केला तेव्हा मामी सांगत होती की कानातल्या मशीननंही आता तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते, शब्द कळत नाहीत. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. आईशी रोज बोलणं होतं, पण नोकरीतलं काही सांगितलं की ती लगेच सोडून दे, आसगावला परत ये म्हणते. तुम्ही सव्वीस वर्षं खाणीत उतरलात. तुम्हाला कामाच्या जागेचं समजेल.

मधुकररावांच्या रंगखान्यात मला तीन महिने झाले. इथे हातमागासाठी सूत रंगवतात. मधुकररावांचं घर जुनं विणकरांचं, मोहाडीतलंच. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही. मी स्टोअर सांभाळते, आणि बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती म्हणून रंग, सोडा, ॲसिड, कॉस्टिक सगळं माझ्याच कुलपात. मुख्य रंगारी तुलाराम, करडीचे. पन्नाशीचे असतील. सुताची लडी उन्हात धरून पाहतात आणि अजून एक बुडी पाहिजे म्हणतात, ते कधी चुकत नाही. त्यांच्या हाताखाली शकुनबाई आणि आणखी काही माणसं.

मामा, इथे सगळे उघड्या डोळ्यांनी काम करतात, चष्मा कोणीच लावत नाही. पक्क्या रंगाला कढईत कॉस्टिक घालावं लागतं. पांढऱ्या पापड्या असतात, पाण्यात टाकल्या की पाणी आपोआप तापतं, उडतं. ते डोळ्यात गेलं तर आत आत उतरत जातं. पोत्यावर लिहिलंय की लगेच वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. इथे आहे काय, तर एक बादली आणि एक मग. गेल्या आठवड्यात शकुनबाईच्या पापणीवर थेंब उडाला तर तुलारामनी गुलाबपाणी घालायला सांगितलं. थेंब पापणीवरच राहिला म्हणून निभावलं. कपाटात सहा सेफ्टी चष्मे आहेत, रबरी काठाचे. त्यांचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलेलं नाही.

खाणीत टोपी घातल्याशिवाय कोणी खाली उतरत नसे ना? ते कसं जमवलं होतं? कळवा.

तुमची करुणा


चिखला,
१८ फेब्रुवारी २०२५

करुणा पोरी, जय भीम.

तुयं पत्र भेटलं. मामीले वाचून दाखवलं. माया आवाज मलेच समजत नाही, तं म्हणे अर्ध्या गल्लीनं ऐकलं. तुयी खबर आता सगळ्याईले ठाऊक आहे.

टोपीचं विचारलं. टोपी आणि दिवा नसला तं आमाले फाटकावरूनच परत पाठवत. म्हणून सगळे घालत होते. पण खाली गेल्यावर कोण काय काढते हे पाहाले फाटक खाली येत नाही. गरमीत कोणी बूट काढे, कोणी टोपी उलटी करून तिच्यावर बसे. माणूस काढते ते आळसानंच काढते असं समजू नको. कधी कधी ती वस्तू घालून कामच होत नाही. मालकाले सांगता येत नाही, मंग तो चूपचाप काढून ठेवते.

तवा आधी तुलारामले विचार. मालकापुढं त्याले काही बोलू नको. तो किती वर्षांपासून त्या कढईपाशी उभा आहे, आणि तू तीन महिन्याची.

माया कानाचं म्हणशील तं आमाले त्याच्यासाठी काही भेटलंच नाही, ते तुले लहानपणापासून ठाऊक आहे. तुमच्याइथं कपाटात चष्मे तरी आहेत.

मामीचे गुडघे तसेच आहेत. चौदा एप्रिलले इकडे येजो.

यादोराव


मोहाडी,
१६ मार्च २०२५

मामा, मामी, जय भीम.

उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे म्हणून राग धरू नका. आता आमच्याकडे नियम झाला आहे. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय स्टोअरच्या खिडकीतून कॉस्टिक मिळत नाही. मधुकररावांना मी घाबरत घाबरत विचारलं, ते लगेच हो म्हणाले. कढईपासून दहा पावलांवर भिंतीला एक नळही बसवून घेतला, फक्त डोळे धुण्यासाठी. छपरावरच्या टाकीतून त्याला पाणी येतं. वर मी स्वतः लाल रंगानं ‘डोळे’ असं लिहिलं. रोज सकाळी आल्याबरोबर तो सोडून पाहते.

पहिल्या दिवशी तुलारामनी चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "मॅडम, याच्यात वाफ धरते. कढईतलं दिसत नाही." मी म्हटलं, सवय होईल. त्यावर ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून रोज खिडकीशी चष्मा लावूनच येतात. एकदाही वाद नाही. मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त त्रास तेच देतील.

तुम्ही आधी विचार म्हणाला होता, ते माझ्या लक्षात होतं. पण विचारत बसले असते तर आणखी महिना गेला असता आणि तोवर कोणाच्या डोळ्यात काही गेलं असतं तर? म्हणून आधी केलं. आता हळूहळू बोलेन त्यांच्याशी.

जयंतीला नक्की येते. मामीसाठी इथली एक साडी बघून ठेवली आहे, तिला सांगू नका.

करुणा


चिखला,
२७ मार्च २०२५

करुणा, जय भीम.

साडीचं वाक्य वाचताना मी सोडलं. मामी म्हणाली, मधात थांबला काहून? मी म्हटलं अक्षर लागलं नाही.

नळ केला ते लय चांगलं केलं. चष्म्याचं मात्र तू विचारलं नाही, सांगतलं. तुलाराम चूप झाला म्हणजे मानला असं नाही. मले कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून मी चेहरे पाहून पाहून शिकलो. माणूस हो म्हणते तवाचा चेहरा एक असते, आणि बोलून फायदा नाही असं ठरवते तवाचा दुसरा. तुलारामचा कोणता होता ते तू पाहिलं नसन.

एक काम कर. कढई उकळत असताना चष्मा तू स्वतः लाव आणि पाच मिनिटं तिथं उभी राह्य. मंग मले लिही.

यादोराव


चिखला,
३ मे २०२५

करुणा,

तुयं पत्र नाही. चौदा एप्रिलले तू आली नाही. तुयी माय म्हणते आसगावलेही आली नाही. मामीनं दोनदा फोन केला, तू सगळं ठीक आहे म्हणून बंद केला.

काल मामी तुमसरहून बसनं आली. बसमधी मोहाडीचा एक विणकर तिच्यापाशी बसला होता. घरी आल्यावर ती पिशवी खाली न ठेवताच मले काही सांगून राहिली होती. मले समजे नाही. तिनं आपला डोळा दाखवला, मंग पाण्याचा मग ओतल्यासारखं केलं, मंग तुया फोटोकडे बोट केलं. मंग ती कानापाशी येऊन ओरडली की रंगखान्यात कोणाच्या तरी डोळ्यात काही गेलं, नाव त्या माणसाले ठाऊक नाही.

तुये डोळे तं नाही ना? दुसऱ्याच्या हातानं लिहून पाठव, पण पाठव.

यादोराव


मोहाडी,
११ मे २०२५

मामा,

माझे डोळे ठीक आहेत. तुलारामचे गेले.

आठ एप्रिलला झालं. लग्नसराईचा माल होता, दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं होतं. अकराच्या सुमारास तुलाराम खिडकीशी आले, चष्मा लावलेला. मी कॉस्टिक दिलं. एरवी ते पापड्या थंड पाण्यात विरघळवून घेतात. त्या दिवशी वेळ नव्हता आणि कढईत आधीचं पाणी गरमच होतं. वाफेनं काच पांढरी झाली. पाणी कुठपर्यंत आहे ते पाहायला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पापड्या ओतल्या. सगळं उसळून वर आलं. हे मला शकुनबाईनं नंतर सांगितलं. मला फक्त घमेलं पडल्याचा आवाज आला.

मी धावत गेले तर ते दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभे होते. ओरडत नव्हते. त्यांना धरून नळापाशी नेलं, चेहरा नळावर धरला, नळ सोडला. दोन ओंजळी पाणी आलं आणि थांबलं.

सकाळी नऊनंतर लाईट गेली होती. मोटर लागली नव्हती. टाकीत जे थोडं होतं ते लड्या धुण्यात संपलं होतं. मामा, नळ मी बसवला, त्याच्यावर नाव लिहिलं, रोज सकाळी सोडून पाहिला. वर चढून टाकीत पाणी किती आहे, हे एक दिवसही पाहिलं नाही.

प्यायच्या पाण्याचे दोन माठ होते, ते शकुनबाईनं ओतले. मग रस्त्यापलीकडच्या हापशीवरून बादल्या आणल्या. वीस मिनिटं एकसारखं वाहतं पाणी पाहिजे असतं, आम्ही थांबून थांबून मगानं टाकत होतो. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या असतात, तेही मला माहीत होतं. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले, माझी बोटं घसरत होती. ते म्हणत होते, "मॅडम, जबरीनं उघडा." मला उघडता आले नाहीत.

भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यानं उजेड आहे की अंधार, एवढंच समजतं.

आठवड्यानं चौकशीला भंडाऱ्याच्या सरकारी कचेरीतून एक साहेब आले. त्यांनी विचारलं, चष्मा दिला होता का. मी म्हटलं, दिला होता. डोळ्यांवर होता का. मी म्हटलं, कपाळावर होता. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पाण्याचं त्यांनी विचारलंच नाही. नळ सोडून पाहिला, चांगली सोय केली आहे म्हणाले. त्या दिवशी नळाला पाणी होतं.

आता सगळे म्हणतात, मॅडमनी चष्मा दिला होता, त्यानंच काढला. मधुकरराव म्हणतात, दवाखान्याचं सगळं मी पाहिलं, याहून मी काय करू. तुलारामही नागपूरला पलंगावर पडल्या पडल्या हेच म्हणत होते, की चूक माझीच.

तुम्ही सांगितलं होतं तसं मी चष्मा लावून कढईवर उभी राहिले. दहा एप्रिलला. तुमचं पत्र आलं होतं तेव्हाच करायला हवं होतं. अर्ध्या मिनिटात मला माझा हात दिसेना.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. मी काय करू?

करुणा


चिखला,
२० मे २०२५

करुणा पोरी,

हे पत्र मी मामीले वाचून दाखवलं नाही. एवढंच सांगतलं की तू बरी आहे, दुसऱ्याले लागलं.

आता मी तुले एक सांगतो, ते घरात कोणाले ठाऊक नाही. माया कानाबद्दल मी सगळ्याईले खोटं सांगत आलो. आमाले भेटत होतं. कानात घालाचे बुचं, पहिल्यापासून भेटत होते. खराब झाले तं नवे देत. मी ते खिशात ठेवत होतो.

का, ते सांगतो. बुच घातलं की वरचा दगड ऐकू येत नाही. पडाच्या आधी तो बारीक कडकडते. मशीन थांबली की आम्ही कान देऊन तेच ऐकत होतो आणि मागं सरत होतो. दोन खेपा माया जीव त्यानंच वाचला. हे मी सायबाले कधी सांगतलं नाही. वाटे, तो म्हणन घाल नाही तं घरी जा. कदाचित म्हणालाही नसता, काही दुसरी तजवीज केली असती. मी विचारलंच नाही. फाटकापाशी दाखवत होतो, खाली गेल्यावर काढत होतो. मायं पाहून नवीन आलेल्याईनं तसंच केलं. त्यातले दोघं आज मायासारखेच बहिरे आहेत, वयानं लहान आहेत.

घरी खोटं काहून सांगतलं? मामीले माया कानापाशी रोज ओरडावं लागते. भेटलंच नाही म्हटलं तं ती दुसऱ्याईवर चिडते. खिशात होतं म्हटलं तं मायावर चिडन. बस, एवढंच.

तुलाराम कपाळावर चष्मा घेऊन उभा होता, तो मले दिसून राहिला. तो बेफिकीर नोहता, पोरी. त्याले पाहाचं होतं.

म्हणून सांगतो, तू सांग. टाकीचं सांग, आणि चष्म्यातून दिसत नाही हेही सांग. मधुकररावले सांग, त्या सायबाले सांग. तुलारामले तं सांगच. मायासारखं करू नको. मले इथून काही करता येत नाही. कोणाले फोन करावा तं तेवढंही मायाच्यानं होत नाही.

यादोराव


मोहाडी,
१७ जून २०२५

मामा,

सांगितलं. सगळ्यांना सांगितलं.

मधुकररावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, टाकी माझी, लाईट माझ्या हातात नाही, आणि तू आता हे वर नेलं तर रंगखाना बंद होईल, बाकीची माणसं घरी बसतील, त्यानं तुलारामचे डोळे येतील का? तरी भंडाऱ्याला त्या साहेबांच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला. एप्रिलमधला अहवाल वर गेला आहे, हा अर्ज त्याला जोडू म्हणाला. नंतर दोनदा जाऊन आले. कोणी वाचला का, कोण वाचणार आहे, सांगत नाहीत.

आता कढईजवळ पाण्याचे दोन ड्रम ठेवले आहेत, ते सकाळी मी भरते. कॉस्टिक मीच थंड पाण्यात विरघळवून देते. नागपूरहून दुसरे चष्मे मागवले, बाजूला हवेच्या फटी असलेले. त्यात वाफ उशिरा धरते. पण धरते. नवीन रंगारी चष्मा कपाळावर सरकवतो आणि माझ्याकडे पाहतो. मी काय बोलू? मी म्हणते, थांबा, पुसून घ्या, मग टाका. तो थांबतो. मी स्टोअरमध्ये गेल्यावर थांबतो की नाही, माहीत नाही.

रविवारी करडीला गेले होते. तुलाराम ओसरीवर बाजेवर बसले होते, दाराकडे तोंड करून. मी नुसतं "मी आले" म्हटलं आणि त्यांनी ओळखलं. त्यांची बायको शेवंताबाई शेतात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून आली होती, पायांना चिखल तसाच. तिनं पाणी दिलं. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. टाकी कशी रिकामी होती, मी कधी वर पाहिलं नव्हतं, चष्म्यातून दिसत नाही हे तुम्ही सांगितलं होतं आणि मी सवय होईल म्हटलं होतं, साहेबांपुढे मी किती सांगितलं आणि किती नाही.

तुलारामनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "पाणी असतं तं मले दिसलं असतं का?"

मी म्हटलं, "माहीत नाही. एखादा डोळा कदाचित वाचला असता."

ते म्हणाले, "मॅडम, दोन महिन्यांपासून मी मनाले समजावून राहिलो होतो. चूक मायी, तं भोगन मी. तसं म्हटलं की झोप लागे. आता हे तुम्ही सांगतलं, याचं मी काय करू?"

मी म्हटलं, माझ्यावर रागवा.

"पाणी तं तुम्हीच आणत होत्या," ते म्हणाले. "राग येत नाही. तेच तं आहे."

मी तिथेच बसून राहिले, मग उठले. शेवंताबाई रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "तुमी बरं केलं का वाईट, मले समजत नाही, बाई. पण आता थोडे दिवस येऊ नका."

मामा, तुम्ही सांग म्हणालात म्हणून तुम्हालाच विचारते, रागानं नाही. सांगून कोणाचं बरं झालं?

करुणा


चिखला,
२८ जून २०२५

करुणा,

तू विचारलं त्याचं उत्तर मायापाशी नाही. दोन कागद लिहून फाडले. मी सांग म्हटलं, तू सांगतलं, आणि त्या माणसाची झोप गेली. ते एकटीवर घेऊ नको, अर्धं मायं आहे. तुले पुन्हा विचारलं असतं तं पुन्हा सांगच म्हटलं असतं. काहून, ते मले नीट सांगता येत नाही. शेवंताबाई म्हणते तसं थोडे दिवस जाऊ नको. मंग जाजो. तो बोलला नाही तरी बसजो.

पण इथं बसून तुले सांग म्हणाचं आणि आपण चूप राहाचं, हे मले बरं वाटलं नाही. सोमवारी मामीले बुचाचं सांगतलं. ती भाजी निवडून राहिली होती. मी पहिल्यापासून सगळं सांगतलं. तिचा हात थांबला. तिनं मायाकडे पाहिलं, आणि पुन्हा निवडाले लागली.

तवापासून ती मायाशी बोलली नाही. कोणी म्हणन, याले तसंही ऐकू येत नाही, याले काय फरक पडते. पडते. आधी ती खांद्याले हात लावे, कानापाशी येऊन ओरडे, नाही तं हातानं दाखवे. आता चहा ठेवते आणि जाते.

आज सकाळी ती अंगणात उभी होती, मायाकडे पाठ करून. तिची मान हालत होती, हात हालत होते. काही बोलून राहिली होती, लय वेळ. तिथं दुसरं कोणी नोहतं. मी मागं जाऊन उभा राहिलो. मी आहे हे तिले समजलं असन, पण तिनं वळून पाहिलं नाही, बोलणंही थांबवलं नाही. काय बोलली ते मले ठाऊक नाही. पुन्हा सांग म्हणाची मायी हिंमत झाली नाही.

यादोराव